हॉस्पिटल चेनचं हेड ऑफिस, अडीच वर्षं, 3 स्टार

अंधेरी ईस्टला एका हॉस्पिटल चेनच्या (नाव नको, फुल अँड फायनल म्हणजे नोकरी सोडल्यावरचा शेवटचा हिशेब यायचाय अजून) कॉर्पोरेट ऑफिसला अडीच वर्षं काढली, इन्शुरन्स क्लेम्सच्या डेस्कवर. पगार एक तारखेला, त्यात कधी गडबड नाही. कँटीनचा चहा पाणचट पण गुरुवारची मिसळ भारी.

काम मात्र शिकायला मिळतं. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2024 ला नियम काढला की कॅशलेसची मंजुरी विमा कंपनीने 1 तासात द्यायची आणि डिस्चार्जची फायनल 3 तासांत, तेव्हा वाटलं चला सुटलो, पण ते घड्याळ सुरू होतं आपले पेपर गेल्यावर, आणि इकडे डिस्चार्ज समरीवर डॉक्टरची सही नाही, फार्मसीची रिटर्न बिलं अडकलेली, पेशंटचे लोक सकाळपासून बॅगा भरून बसलेत आणि फोन सगळे माझ्या टेबलवर. एका काकांनी नुसतं विचारलं, "बाळा, वॉर्डातलं जेवण बंद केलंय, मग हिने जेवायचं कुठे?" काय बोलणार. मीच मग वॉर्डात फोन करून ताट पाठवायला सांगितलं.

गंमत म्हणजे दिवसभर लोकांचे क्लेम पास करायचे आणि आमच्या स्वतःच्या पॉलिसीत आईवडील नाहीत, हवे तर प्रीमियम आपल्या खिशातून.

एनएबीएचची (हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणारी संस्था) तपासणी आली की महिनाभर शनिवार विसरा. अप्रेझल दोन वर्षांत एकदाच, तेही चिल्लर. जॉइन होणार असाल तर शनिवारचं आधी मेलवर लिहून घ्या, एचआरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.