एक्सेल, डोअर्स की डोअरस्टॉप? बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपसाठी

आजवर गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरून पार्ट करून दिलेत आणि आता पहिल्यांदाच अख्खा हायड्रॉलिक पॉवर पॅक (तेलाला दाब देणारा पंप-मोटर-टाकीचा संच) डिझाइनसकट मिळालाय? मग स्पेकमधली, म्हणजे गिऱ्हाइकाने लिहून दिलेल्या अपेक्षांमधली, प्रत्येक मागणी कुठल्या ड्रॉइंगमध्ये उतरली आणि कुठल्या टेस्टने सिद्ध झाली, हेही दाखवावं लागणार. हा माग ठेवायचा कशात, हा प्रश्न.

दीडशे-दोनशे मागण्या आणि सांभाळणारा एकच माणूस असेल, तर माझं मत एक्सेलला. फक्त पहिल्याच दिवशी प्रत्येक मागणीला तिचा स्वतःचा नंबर द्या. आम्ही दिला नव्हता. टेस्ट रिपोर्टात सरळ 'ओळ 47' लिहायचो. तिथं होतं, 'दीडपट दाबावर 10 मिनिटं गळती नको'. स्पेकची नवी आवृत्ती, रिव्हिजन डी, आली, वरच्या बाजूला दोन ओळी वाढल्या आणि 47 वर येऊन बसली रंगाची जाडी. गळतीची टेस्ट झालेली असून कागदावर ती कुठंच दिसेना. सगळे रिपोर्ट पुन्हा काढावे लागले.

डोअर्स, म्हणजे आयबीएमचं मागण्या सांभाळायचं सॉफ्टवेअर, त्यात हे होत नाही. मागणी पुसली तरी तिचा नंबर दुसरीला जात नाही. वरची मागणी बदलली की तिला जोडलेल्या डिझाइनवर आणि टेस्टवर संशयाची खूण लागते. विमानाच्या सॉफ्टवेअरचं डीओ-178सी किंवा गाड्यांचं आयएसओ 26262 ही सुरक्षेची मानकं लागू असतील, तर हा माग ठेवावाच लागतो. तिथं असं टूल घ्या. पण लायसन्सचा खर्च मोठा, चालवायला शिकलेला माणूस वेगळा. वीस माणसांच्या शॉपने गिऱ्हाइकाची सक्ती असल्याशिवाय त्यात पडू नये. गिऱ्हाइकाकडे डोअर्स असलं, तरी एक्सेलमध्ये एक्स्पोर्ट मागता येतं.

डोअरस्टॉप हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर, पण मोफत. प्रत्येक मागणीची वेगळी फाइल, सगळ्या गिटमध्ये, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. मागणी बदलून जोडणी पुन्हा तपासायची झाली की तेही सांगतं. पण बहुतेक काम कमांड टाइप करून. गिट येणारी मुलं तुमच्याकडे असतील तरच.

काहीही घेतलंत तरी एक रकाना वाढवा: 'शॉपसाठी'. स्पेक इंग्रजीत असतं, आणि तपासणीला उभा असलेला माणूस मराठी नाहीतर कन्नड वाचतो. 'बर नसावी' (बर म्हणजे भोक पाडल्यावर कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) एवढ्यानं भागत नाही. आम्ही दोन्ही भाषांत लिहितो: मॅनिफोल्ड ब्लॉकमध्ये (तेलाच्या वाटा कोरलेल्या ठोकळ्यात) आडवं भोक जिथं दुसऱ्या भोकाला मिळतं, तिथं टॉर्च मारून बघ.