वही, कोच की डॉक्टर? गुहागरच्या मावसबहिणीला दिलेलं उत्तर

गेल्या पावसाळ्यात गुहागरहून मावसबहिणीचा फोन आला. मुंबईची नोकरी सोडून ती तिथे होमस्टे चालवते. मोबाईलवर एका लाइफ कोचची, म्हणजे प्रश्न विचारून आपल्याला हवं ते करायला लावणाऱ्याची, जाहिरात सारखी समोर येत होती. तीन महिने, आठवड्याला एक व्हिडिओ कॉल आणि फी म्हणजे हापूसच्या दहा-बारा पेट्यांचे पैसे. "घेऊ का गं? की ती रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायची वही करू?" मी दोन्ही करून पाहिलेलं तिला माहीत होतं.

वहीची गोष्ट फुकट आणि जास्त तपासलेली आहे. मार्टिन सेलिगमन १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. माणसाचं बिघडतं कुठे याच्याबरोबर त्याचं बरं कशाने चालतं तेही अभ्यासू या, असं त्यांनी तेव्हा मांडलं आणि सकारात्मक मानसशास्त्र नावारूपाला आलं. २००५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून लोकांना आठवडाभर एक काम दिलं: रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येक का घडली तेही लिहायचं. नुसत्या जुन्या आठवणी लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांचं मन सहा महिन्यांनीही बरं होतं. त्यातही आठवडा संपल्यावर ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला. त्याच अभ्यासात आणखी एक प्रयोग होता. ज्याचे आभार मानायचे राहिले, त्याला पत्र लिहून स्वतः वाचून दाखवायचं. त्याचा आनंद सुरुवातीला सगळ्यात मोठा होता, पण महिन्याभरानंतर ओसरला.

बहुतेकजण नेमकं ते 'का' गाळतात. 'पाहुण्यांनी सोलकढी मागून घेतली' एवढंच लिहिलं तर ती पाहुण्यांची कृपा राहते. 'कारण मी पहाटे उठून ताज्या नारळाचा रस काढला' हे लिहिलं की आपला हात दिसतो. माझ्या वहीत अकराव्या दिवसापासून 'झोप छान लागली' एवढंच येऊ लागलं, आणि मग ती वही देवघरात अगरबत्तीच्या पुड्यांखाली गेली. ती का थांबली, हे विचारायला कोणी नव्हतं.

कोचकडे पैसे जातात ते या विचारण्याचे. चांगला कोच सल्ला देत नाही. जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या पुस्तकाने प्रसिद्ध केलेली चौकट अजून बरेच कोच वापरतात: कुठे जायचंय, आत्ता कुठे आहेस, वाटा कोणत्या, कधीपर्यंत काय करणार. यात काही गूढ नाही, घरातलं वडीलधारं माणूसही हेच विचारील. पण मी दोन वर्षं मुंबईच्या काकांशी सामाईक सातबाऱ्याबद्दल बोलणं टाळत होते. तिसऱ्या कॉलला कोच म्हणाली, "काकांना फोन कधी?" तोंडातून बुधवार निघून गेलं. बुधवारी रात्री साडेनऊला, निव्वळ गुरुवारी तिला तोंड दाखवायचं म्हणून, मी फोन लावला.

दुसरं कारण आपल्याकडचंच आहे. वाडीत सकाळी दुकानावर बोललेलं संध्याकाळी आरतीला पोहोचतं. मन मोकळं करायला माणसं पुष्कळ असतात, पण ती सगळी कुणाची तरी काकी नाहीतर वहिनी. पुण्या-नाशकात बसलेल्या कोचला आमच्या घरातलं कोणी माहीत नाही, ही मला मोठी सोय वाटली. वहीही गुप्त राहते म्हणा, सासूबाईंच्या हाती लागेपर्यंत.

आता खटकलेलं. भारतात लाइफ कोच अशी पाटी लावायला कायद्याने कुठलीही नोंदणी लागत नाही. मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद करावी लागते. कोचिंगमध्ये त्यातल्या त्यात धरायला आहे ती १९९५ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय कोच संघटनेची, म्हणजे आयसीएफची, मान्यता. तिच्या पहिल्या पायरीला, एसीसीला, किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. ही मान्यता आहे का, सरळ विचारा. दोन दिवसांच्या शिबिरातून 'मास्टर कोच' झालेले बरेच आहेत.

अशाच एका शिबिराला मी शहरात जाऊन बसले होते. पडद्यावर आकडा झळकला: एका नकारात्मक भावनेला २.९ सकारात्मक भावना असल्या की माणूस बहरतो. टाळ्या पडल्या. मूळ शोधनिबंध २००५ चा. त्यातलं गणित तग धरत नाही हे २०१३ मध्ये ब्राऊन, सोकल आणि फ्रीडमन यांनी दाखवलं आणि तो गणिती भाग मागे घेतला गेला. हा आकडा आजही विकणाऱ्याने मधल्या काळात काही वाचलेलं नाही, एवढं धरून चाला. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या, ते सोडा.

हे सगळं बहिणीला सांगायच्या आधी मी दुसरंच विचारलं होतं. झोप लागते का? जेवण जातं का? दोन-दोन आठवडे काहीच नकोसं वाटतं का, जगू नये असं मनात येतं का? याला 'हो' असेल तर वही आणि कोच दोन्ही बाजूला ठेवायचे. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'ह्याला रत्नागिरीला न्या' अशी चेष्टा करत आपण वाढलो, म्हणून तिथली पायरी चढायला जड जातं. तरी चढावी. आणि कोच गोळ्या बंद करायला सांगत असेल तर तिथेच कॉल संपवावा.

तिला झोप लागत होती. रोज पाहुण्यांसाठी मोदकही वळत होती. नवऱ्याशी दर वाढवण्याबद्दल बोलणं तेवढं अडलं होतं, तेही वर्षभर. काय करायचं ते तिला पक्कं माहीत होतं, होत नव्हतं. म्हणून मी कोचच्या बाजूने कौल दिला, पण तीन महिन्यांना नाही. काय करावं हेच कळत नसतं, तर आधी महिनाभर वही लिही म्हटलं असतं.

तिने चार कॉल मागितले. कोचकडून आधी नाही, मग हो झालं. पावसात लाइट किंवा टॉवर गेला तर काय, हेही मी तिला लेखी विचारून घ्यायला लावलं. दुसऱ्याच कॉलला वारा सुटला आणि दोन्ही गेले. ती छत्री घेऊन रेंजसाठी सड्यावर चढली, तोवर वेळ उलटून गेली होती. कॉल पुढच्या आठवड्यात झाला, पैसे कापले नाहीत.