जेफरसनचे कागद फुकटात: फाउंडर्स ऑनलाइन काही महिने वापरल्यावर

फाउंडर्स ऑनलाइन म्हणजे अमेरिका उभी करणाऱ्या नेत्यांची पत्रं आणि कागद संपादकांच्या टिपांसकट वाचायला देणारी साइट. त्यात वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, हॅमिल्टन, मॅडिसन वगैरे सगळे आहेत, पण मी वाचते ते थॉमस जेफरसनसाठी, अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक. मी तिकडे वळले ती रागाने. जेफरसनच्या पत्रांचा एक जुना छापील खंड एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला होता, पैसे भरपूर मोजले, वर कस्टम ड्युटी वेगळी, आणि पार्सल उघडलं तर मधला अख्खा फर्माच, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगाच, गायब. विक्रेत्याचं म्हणणं, जुन्या पुस्तकात असं चालायचंच, परत घेणार नाही. मेलवर मेल केले, एक पैसा सुटला नाही. मग गायब पानांवरची पत्रं या साइटवर शोधली तर सगळी होती, टिपांसकट, आणि तीही फुकट. लॉगिन नाही, जाहिरात नाही, दर महिन्याचे पैसे नाहीत. तेव्हापासून मी या विषयावर छापील पुस्तकाला रुपयाही घालवलेला नाही.

सर्च छान आहे. पत्र कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, कधीपासून कधीपर्यंत, असं सगळं लावता येतं. जवळपास १ लाख ८५ हजार कागद असूनही हवं ते पटकन सापडतं, त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

मला लिहायचंय ते पत्राखालच्या बारीक टिपेबद्दल. सुरुवातीला मी त्या टिपा सोडूनच द्यायचे, पत्र संपलं की पुढचं पत्र. मग १८१२ चं जॉन ॲडम्स (जेफरसनच्या आधीचा अध्यक्ष) आणि जेफरसनचं प्रकरण वाचलं. दोघांमध्ये कितीतरी वर्षं अबोला, दोघांचा मित्र बेंजामिन रश मध्ये पडला, आणि १ जानेवारीला ॲडम्सने पहिलं पत्र टाकलं की घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय. जेफरसनचं २१ जानेवारीचं उत्तर वाचा, त्यात तो मन लावून व्हर्जिनियात घरोघरी सूत कसं कातलं जातं, कापड कसं होतं ते सांगतोय. नुसती पत्रं वाचली तर वाटतं खरंच कापड आलं असणार. टीप वाचली की कळतं ॲडम्सने पाठवलेले दोन नग म्हणजे त्याचा मुलगा जॉन क्विन्सीच्या व्याख्यानांचे दोन खंड, आणि पार्सल मागे राहून पत्र आधी पोचलं होतं. तेव्हापासून मी आधी टीप वाचते, मग पत्र.

त्याच टिपेत हेही असतं की आपण वाचतोय तो मजकूर कुठल्या कागदावरून घेतलाय. समोरच्याला मिळालेली मूळ प्रत, की मसुदा, की प्रेसवर काढलेली नक्कल. जेफरसन १७८५ पासून जेम्स वॉटचं कॉपी प्रेस वापरायचा, ओल्या पातळ कागदावर ताज्या शाईचं पत्र दाबायचं, शाई उलटी उमटते आणि कागदाच्या मागच्या बाजूने सुलटी वाचायची. १८०४ पासून पॉलिग्राफ, म्हणजे एक पेन चालवलं की जोडलेलं दुसरं पेन शेजारच्या कागदावर तेच लिहितं. १७८६ मध्ये पॅरिसला उजवं मनगट निखळलं तेव्हा मारिया कॉस्वे या चित्रकार मैत्रिणीला डाव्या हाताने भलंमोठं पत्र लिहिलं, त्याचीही नक्कल ठेवली! १७७० मध्ये शॅडवेलचं त्याचं राहतं घर जळलं त्यात त्याचे कागदही गेले होते, त्यामुळे हा माणूस पुढे कागदाला इतका का जपायचा ते समजतं.

आणि त्याची पत्रांची नोंदवही. आलेलं पत्र, गेलेलं पत्र, कुठल्या तारखेचं, हातात कधी पडलं, १७८३ पासून १८२६ पर्यंत. संपादकांनी ती नोंदवही प्रत्यक्ष कागदांशी ताडलीय आणि जिथे नोंद आहे पण पत्र नाही तिथे टिपेत सरळ लिहिलंय की अमुक तारखेचं पत्र सापडलेलं नाही. माझ्यासाठी या साइटची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. काय हरवलंय ते तारखेसकट सांगणारा संग्रह मी दुसरा पाहिला नाही. पण नोंदवहीच्या आधी काय हरवलं ते असं कळत नाही. बायको मार्था १७८२ मध्ये गेली, नवरा-बायकोचं एकही पत्र उरलेलं नाही, आणि नोंदवही सुरू होते पुढच्या वर्षी.

आता कमी काय. मूळ कागदाचा फोटो इथे नाही, फक्त उतरवलेला मजकूर. हे मला रोज खटकतं. स्कॅन लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर, म्हणजे दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या, तारीख परत शोधायची, आणि मोबाइलवर तर ते होतच नाही, लॅपटॉपच लागतो. पण हा खटाटोप करायलाच हवा असं आता माझं मत झालंय, कारण काही कागद बघितल्याशिवाय कळत नाहीत. जेम्स हेमिंग्ज, जेफरसनचा गुलाम, पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवलेला. १७९३ चा करार साइटवर आहे, जेफरसनने लिहून दिलंय की दुसऱ्या कोणाला स्वयंपाक शिकव, मग तुला मोकळं करतो. १७९६ च्या फेब्रुवारीत सुटका झाली, आणि त्याच महिन्यात हेमिंग्जने स्वतःच्या हाताने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी केली, तांब्याची पातेली १९, झाकणं १९, आणि पुढे बाकीची. मजकूर म्हणून ती यादी आहे, स्कॅनमध्ये त्या माणसाचं अक्षर आहे, स्वच्छ, सरळ ओळी. जाहीरनाम्यात सगळ्या माणसांना समान म्हणणाऱ्याच्या कागदांत हे अक्षर बघून मी फार वेळ दुसरं काही वाचू शकले नाही.

दुसरं म्हणजे शेवटच्या काही वर्षांतली पत्रं. त्यांच्यावर अर्ली ॲक्सेस असा शिक्का आहे, म्हणजे मजकूर अजून पक्का तपासलेला नाही आणि टिपाही नाहीत. नेमकी तीच पत्रं मला हवीत, जेफरसनचं कर्ज १ लाख डॉलरच्या वर गेलेलं, ते फेडायला १८२६ मध्ये जमिनीची लॉटरी काढायची धडपड, आणि तो गेल्यावर १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलोवरच्या, म्हणजे त्याच्या व्हर्जिनियातल्या घर-शेतीवरच्या, १३० गुलामांचा लिलाव. एकेक पत्र मी स्कॅनशी ताडून वाचतेय, जिथे शब्द जुळत नाही तिथे वहीत खूण करून ठेवते. माँटिसेलोचे संपादक १८०९ नंतरच्या पत्रांचे खंड क्रमाने काढतायत, ते तिथवर पोचले की माझ्या खुणा त्यांच्या मजकुराशी जुळवून बघणार आहे.