छताच्या लाकडाला बोरेट लावून १६ महिने झाले

वाशांना भिरूड लागल्याचं मला जमिनीवरच्या पिठामुळे कळलं. झाडून घेतलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पांढरट, मैद्यासारखी भुकटी. वर दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं होती, आणि ती सगळी वाशांच्या कडेच्या फिकट लाकडात; गाभ्याच्या गडद भागात एकही नाही. तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाचं दुखणं वेगळं होतं. तिथे पटाशी सहज आत शिरली, लाकूड तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांत चिरलं होतं. ती बुरशी.

दोन्हींसाठी एकच औषध निवडलं : डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट या बोरेटची, म्हणजे बोरॉनच्या क्षाराची पूड. कोमट पाण्यात १० टक्क्यांचं द्रावण करून ब्रशने तीन हात दिले, आधीचा हात वाळायच्या आत पुढचा. वास नाही, लाकडाचा रंग बदलत नाही, खिळे गंजत नाहीत. तरी हातमोजे आणि मास्क घालाच. बोरॉन पोटात जाणं माणसालाही चांगलं नाही.

पहिली चूक माझीच. काही वाशांवर जुना तेलरंग होता, तो न काढताच मी द्रावण लावलं. सगळं ओघळून खाली आलं. ते वासे खरवडून, घासून पुन्हा करावे लागले, त्यात दोन आठवडे गेले.

लावल्यावर पाच महिन्यांत नवीन ११ भोकं पडली, तेव्हा मी फार अस्वस्थ झालो. हे मोजता आलं, कारण आधीच वाशांवर पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आतून किडा बाहेर पडला की कागद फुटतो. नंतर लक्षात आलं की बोरेट हे झटक्यात मारणारं विष नव्हे. कोरड्या लाकडात ब्रशने लावलेलं द्रावण काही मिलिमीटरच आत जातं, त्यामुळे खोलवरच्या अळ्या वाढ पूर्ण करून बाहेर येतातच. फरक पुढच्या पिढीला पडतो : औषध लागलेलं लाकूड खाणाऱ्या अळीचं पचन बिघडतं आणि ती मरते. पुढच्या ११ महिन्यांत फक्त दोन भोकं. म्हणून दोन-तीन महिन्यांत निकाल लावू नका, किमान वर्ष थांबा.

तुळईच्या टोकाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. कुजलेला भाग कापून जोड दिला आणि उरलेल्या जुन्या लाकडात गिरमिटाने भोकं पाडून बोरेटच्या कांड्या बसवल्या. लाकूड ओलं असलं की कांडी विरघळत जाते आणि बोरॉन ओलीबरोबर पसरतो, म्हणजे बुरशीला जी ओल हवी तीच औषध पोचवते. पण हेच उलटंही होतं. वरची पन्हळ गळत राहिली आणि टोकाचा पृष्ठभाग धुऊन निघाला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मित्राने तिथला किस तपासून दिला : हळदीचा मद्यार्कातला अर्क, मग आम्लाचं द्रावण. बोरॉन असेल तिथे पिवळ्याचा लाल होतो. आतला किस लाल झाला, वरचा पिवळाच राहिला.

मग पन्हळ दुरुस्त केली, टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवली, आणि पृष्ठभाग वाळल्यावर पुन्हा दोन हात दिले. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून खरं तर हे काम मी औषधाच्या आधी करायला हवं होतं. ओल मापक वापरत असाल तर एक सांगतो : बोरेट हे क्षार आहे, सुया टोचून मोजणारं यंत्र अशा लाकडात आकडा वाढवून दाखवू शकतं. मी शेजारच्या औषध न लावलेल्या लाकडाशी ताडून बघतो.

पावसात उघड्या राहणाऱ्या किंवा जमिनीत रोवलेल्या खांबाला मी हे लावणार नाही. वाळवी जमिनीतून येत असेल तर एवढ्यावर भागणारही नाही, कारण औषध लावलेल्या लाकडावरून मातीची नळी बांधून ती पुढच्या लाकडापर्यंत जाऊ शकते. छपराखालच्या लाकडासाठी मात्र मी पुन्हा हेच घेईन.

शेवटची दोन भोकं ज्या वाशांत पडली, त्यांवरचे कागद अजून काढलेले नाहीत. दर रविवारी विजेरी घेऊन बघतो.