डायनाको स्टीरिओ ७० ला सुटी पॉवर कॉर्ड : एका दुरुस्ती कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

डेव्हिड हॅफ्लर यांच्या फिलाडेल्फियातील डायनाको कंपनीने १९५९ साली बाजारात आणलेला स्टीरिओ ७० हा ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्ह) ॲम्प्लिफायर अमेरिकेत आजही सहज मिळतो, कारण तयार स्वरूपात आणि घरी जोडायच्या संचाच्या रूपात मिळून त्याचे तीन लाखांहून अधिक नग विकले गेले. चार ईएल३४ ट्यूब आणि प्रत्येक बाजूला ३५ वॅट एवढ्या सामग्रीवर तो गाण्याला जो भरीवपणा देतो, त्यासाठी तो जपावा असे मला मनापासून वाटते. त्याची मूळ पॉवर कॉर्ड जपण्याच्या लायकीची नाही. ती केवळ दोन तारांची आहे, चॅसिसला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या पेटीला, कायमची जोडलेली आहे आणि साठ वर्षांत तिचे आवरण ठिसूळ झालेले असते. न्यू जर्सीतील एका छोट्या दुरुस्ती कार्यशाळेकडून मी ती काढून घेतली आणि तिच्या जागी संगणकाच्या मागे असते तसे तीन पिनांचे सॉकेट, म्हणजे आयईसी ६०३२० मानकातील सी१४, बसवून घेतले. त्या कामाचे हे परीक्षण आहे.

कॉर्ड सुटी होते ही सोय खरी असली तरी एवढ्यासाठी जुन्या यंत्राला हात लावू नये. खरा लाभ तिसऱ्या तारेचा आहे. मूळ रचनेत चॅसिसला अर्थिंग नाही. त्यामुळे पॉवर ट्रान्सफॉर्मरचे आतले इन्सुलेशन कधी दगावले, तर उघडी धातूची पेटी १२० व्होल्टवर जाऊन तशीच राहते आणि तिला स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीरातूनच विजेला वाट मिळते. अर्थिंग असेल तर तोच बिघाड क्षणार्धात फ्यूज उडवतो. शिवाय जुना दोन पिनांचा प्लग भिंतीत कोणत्याही बाजूने बसत असल्याने आतला फ्यूज फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे केवळ योगायोगावर अवलंबून असे.

कार्यशाळेने कापायला सुरुवात करण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मर मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने, तपासला, हे मला सर्वांत आवडले. ज्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन आधीच कमकुवत आहे, त्याच्यासाठी पोलादी पेटीला चौकोनी छिद्र पाडण्यात काहीच अर्थ नसतो. न कापण्याचे दोन पर्यायही त्यांनी स्वतःहून समजावून सांगितले : जुन्या छिद्रातूनच तीन तारांची नवी कॉर्ड पक्की बसवणे, किंवा त्या छिद्रातून वीतभर वायर बाहेर काढून तिच्या टोकाला सी१४ जोडणे. दुर्मीळ यंत्राच्या बाबतीत मी पहिला पर्याय निवडला असता, कारण सुरक्षिततेच्या दृष्टीने तो कुठेही कमी पडत नाही. स्टीरिओ ७० दुर्मीळ नाही, आणि माझी पेटी आधीच गंजाने डागाळलेली होती, म्हणून मी कापण्यास होकार दिला.

काप स्वच्छ आहे. कडा कानशीने गुळगुळीत केल्या आहेत, सॉकेट दोन स्क्रूंनी घट्ट बसले आहे, आणि काम चालू असताना लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून ट्रान्सफॉर्मर व ट्यूबचे सॉकेट झाकून ठेवले होते. उघडलेल्या यंत्राचे फोटो त्यांनी मला पाठवले, त्यामुळे आतले कामही पारखता आले. अर्थिंगच्या तारेसाठी चॅसिसवर स्वतंत्र बोल्ट दिला आहे; ट्रान्सफॉर्मर धरून ठेवणाऱ्या बोल्टलाच ती अडकवण्याची आळशी पद्धत त्यांनी टाळली, कारण पुढे कोणी ट्रान्सफॉर्मर बदलताना तो बोल्ट सैल करील आणि अर्थिंग निघून गेल्याचे कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्या बोल्टखाली धातूत रुतणारे दातेरी वॉशर आहे, आणि ती तार फेज व न्यूट्रलच्या तारांपेक्षा मुद्दाम लांब ठेवली आहे, म्हणजे सॉकेट कधी ओढले गेलेच तर अर्थिंग सर्वांत शेवटी तुटेल. मूळ फ्यूजहोल्डर कायम ठेवून फेज आधी त्याच्या मागच्या टोकाला, तिथून स्विचला आणि मग ट्रान्सफॉर्मरला नेली आहे. फेज मागच्या टोकाला दिल्यामुळे फ्यूज बदलताना बोटांजवळ जिवंत भाग येत नाही. प्रत्येक जोडावर गरम केल्यावर आकुंचन पावणारी इन्सुलेशनची नळी चढवली आहे. सॉकेटच्या पिनेपासून चॅसिसपर्यंतचा रोध माझ्या मीटरवर जवळपास शून्य आला.

विजेच्या पुरवठ्यातील गोंगाट गाळणारा अंगभूत फिल्टर असलेले सॉकेट का घेतले नाही, हा प्रश्न मी विचारला होता. अशा फिल्टरमधील कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थिंगला जोडलेले असतात. घराचे अर्थिंग पक्के असेल तर त्यात धोका नाही, परंतु ते तुटलेले असेल तर चॅसिस पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगते आणि हाताला झिणझिण्या येतात. ट्यूब ॲम्प्लिफायरला अशा फिल्टरची फारशी गरज नसते. साधे सॉकेट घेण्याचा त्यांचा सल्ला योग्यच होता.

काम झाल्यावर एक नवा त्रास उद्भवला, आणि तो अपेक्षित होता. संगणकाला जोडताच स्पीकरमधून हलकी घुमघुम ऐकू येऊ लागली, कारण आता दोन्ही यंत्रांना अर्थिंग असल्याने सिग्नलच्या केबलसह एक बंद वळसा तयार झाला. अनेकजण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. तसे केले की हा सगळा खर्च वाया गेला आणि जुना धोका परत आला. कार्यशाळेने चॅसिसचे अर्थिंग जसेच्या तसे ठेवून सिग्नलची ग्राउंड आणि चॅसिस यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जोडलेले डायोड घातले. घुमघुम ऐकू येईनाशी झाली, आणि बिघाडाचा मोठा प्रवाह वाहून नेण्याचा मार्गही शाबूत राहिला. यासाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

सुटी कॉर्ड म्हटली की महागड्या कॉर्डचा विषय निघतो. आवाज सुधारण्याच्या आशेने त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे; अमेरिकेत मिळणारी साधी १८ गेजची, प्रमाणित, तीन तारांची कॉर्ड या यंत्राला पुरेशी आहे.

इथेच एक इशारा देणे आवश्यक वाटते. हा बदल ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲम्प्लिफायरसाठीच आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत आढळणाऱ्या एसी-डीसी प्रकारच्या व्हॉल्व्ह रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिस थेट मेन्सला जोडलेले असते. त्यांना कोणी असे सॉकेट बसवून चॅसिसला अर्थिंग दिले, तर भिंतीतल्या वायरिंगनुसार एकतर फ्यूज उडेल किंवा न्यूट्रलचा प्रवाह अर्थिंगमधून वाहू लागेल. अशा रेडिओला हात न लावलेलाच बरा.

कार्यशाळेबद्दल माझी तक्रार एकच आहे, आणि ती गंभीर आहे. सॉकेटशेजारी त्यांनी व्होल्टेज लिहिले नव्हते. जुन्या कॉर्डचा अमेरिकन प्लग भारतातल्या तीन गोल पिनांच्या सॉकेटात सरळ बसत नसे, आणि त्यातून नकळत थोडे संरक्षण मिळत होते. सी१४ मध्ये जगातील कोणत्याही देशाची कॉर्ड बसते. पुण्यात किंवा नागपुरात संगणकाची कॉर्ड काढून कोणी या यंत्राला लावली, तर ट्रान्सफॉर्मरच्या १२० व्होल्टच्या प्रायमरीवर, म्हणजे वीज आत घेणाऱ्या गुंडाळीवर, २३० व्होल्ट जातील. अमेरिकेतून परतताना असे ॲम्प्लिफायर सोबत नेणाऱ्या मराठी मंडळींना हा धोका खराखुरा आहे. मी सांगितल्यावर कार्यशाळेने 'फक्त १२० व्होल्ट' अशी कोरीव पट्टी बसवून दिली, पण ती न मागता मिळायला हवी होती. भारतात तो वापरायचाच असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, त्याच्या आउटपुटला अर्थिंगची पिन खरोखर जोडलेली आहे ना हे मीटरने पाहावे, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो हे ध्यानात ठेवून पहिले काही तास त्याच्या तापमानावर लक्ष ठेवावे.