बक्षीसपत्र की मृत्युपत्र? जेलरोडच्या एका फ्लॅटचा निर्णय

अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला 22 वर्षं झाली. घर जेलरोडला, दोन खोल्या आणि हॉल, त्यांच्या एकट्याच्या नावावर. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि त्यांनीच विषय काढला, "हे नावावरचं काय ते माझ्या देखत मिटवून टाकू." मी नाशकातच असतो, बहीण धुळ्याला. फ्लॅट बक्षीसपत्राने आत्ताच द्यायचा की मृत्युपत्र करायचं, यावर आमचे सहा महिने गेले. हाच घोळ सध्या ज्यांच्या घरात चालू आहे, त्यांना आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा.

बक्षीसपत्राची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. शहराच्या हद्दीत वर अधिभार पडतो, तो दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या. नोंदणी सक्तीची, दोन साक्षीदारांच्या सह्या, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत ते स्वीकारायचं, की मालकी बदलली. मागे राहिलेल्यांना कचेऱ्यांचे खेटे नाहीत. भावंडांत आजच धुसफूस असेल तर हा फायदा लहान नाही. आमच्या वकिलांचा कलही तिकडेच होता. मसुदासुद्धा टाइप होऊन आला होता.

मृत्युपत्राची अडचण माणूस गेल्यावर सुरू होते. सोसायटी, सिटी सर्व्हे, वीजबिल, प्रत्येक ठिकाणी मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत घेऊन उभं राहायचं. बाकीच्या वारसांची संमती आणा म्हणणारे भेटतात. नाशिकच्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नाही, पण कुणी हरकत घेतली तर प्रकरण कोर्टात जातं आणि तिथे निदान एक साक्षीदार उभा करावा लागतो. हे सगळं मी अण्णांना सांगितलं होतं. तोवर माझंही मत बक्षीसपत्राच्या बाजूने होतं.

ते फिरलं मावशीच्या छतामुळे.

मावशी इंदिरानगरला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. काका गेल्यावर तिने फ्लॅट मुलाला बक्षीस दिला. मावसभाऊ पुण्याला असतो आणि अतिशय चांगला मुलगा आहे. रोज फोन, औषधं घरपोच, महिन्यातून एकदा येऊन जातो. म्हणजे इथे कुणाची नियत वाईट नव्हती, हे आधी लक्षात घ्या. जुलैत गच्चीतून पाणी झिरपायला लागलं, नेमकं देव्हाऱ्यावर. मावशी सोसायटीच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी नम्रपणे म्हणाले, "काकू, अर्जावर मालकांची सही लागेल." त्या घराचा मेंटेनन्स तिने वर्षानुवर्षं स्वतः खाली जाऊन भरलेला. भावाची सही आली, मग सभा लागली, सभेत खर्चावरून वाद झाला. मावशीला तिथे बोलू दिलं, पण मत देता येईना, कारण सभासद आता तो. काम झालं दसऱ्यानंतर. तोवर देव स्वयंपाकघरातल्या फळीवर आणि देव्हाऱ्याच्या जागी पातेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती पातेलं मोरीत ओतून आली आणि म्हणाली, "पाण्याचं काही नाही रे. पण पावतीवर माझं नाव नाही, हे मला त्या दिवशी कळलं."

कायद्याने बघितलं तर यात कुणाचंच चुकलं नाही. म्हणूनच मला ते जास्त लागलं. बक्षीसपत्र नंतर मनात आलं म्हणून रद्द होत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. पण त्यासाठी अट मुळात असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 च्या निकालात हेच कलम ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचलं गेलं. तरी माझं म्हणणं असं, की हे कलम टाकून दिलेल्या आईबापांसाठी आहे. मावशीला कुणी टाकलेलं नाही. आपल्याच घराच्या छतासाठी दुसऱ्याची सही मागण्यावर कलम नाही.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट, दोन्ही स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. आमच्या मसुद्यात यातलं काहीही नव्हतं. उलट "ताबा आज रोजी दिला आहे" असं वाक्य होतं. अण्णांनी त्यावर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

मग मृत्युपत्र केलं. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कागद चालतो. हे अण्णांना काही केल्या पटेना. ज्या प्रेसमध्ये स्टॅम्प पेपर छापले जातात तिथे त्यांची हयात गेली. वकिलांकडचा कोरा कागद त्यांनी खिडकीकडे धरून बघितला, वॉटरमार्क नाही, आणि विचारलं, "एवढ्यावर घर चालणार?" त्यांच्या समाधानासाठी नोंदणी केली. ती ऐच्छिक आहे, पण करावी असं मी सुचवेन. त्याच आठवड्यात डॉक्टरांचा दाखला घेतला की मन सावध आहे. अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर निबंधक घरी येऊनही नोंदणी करतात, त्यासाठी अर्ज द्यायचा. साक्षीदार म्हणून अण्णांना त्यांचे प्रेसमधले मित्र हवे होते, वय 79. मी अडवलं. साक्षीदार आपल्या मागे हयात असायला हवा, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. शेवटी शेजारचे दोघे चाळिशीतले घेतले.

एकुलतं एक अपत्य असेल आणि ते त्याच घरात राहत असेल, तर बक्षीसपत्रात फारसं वावगं नाही, असं मला वाटतं. मोठं भांडण समोर दिसत असेल तरीही कदाचित तेच बरं. पण ज्येष्ठ माणूस एकटा राहतो, स्वतःचे व्यवहार स्वतः बघतो आणि मुलं बाहेरगावी आहेत, अशा घरात मी तरी घाई करणार नाही.

गेल्या वर्षी अण्णा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं. ताई धुळ्याहून येऊन तीन महिने राहिली. वॉकर सुटल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. पहिल्या मृत्युपत्रात फ्लॅट मला आणि बँकेतली ठेव ताईला होती. आता दोन्ही निम्मं निम्मं हवं होतं. आम्ही रिक्षाने वकिलांकडे गेलो, नवीन मृत्युपत्र केलं, आधीचं रद्द केल्याचं त्यात लिहिलं आणि नोंदवून जेवायला घरी आलो. बक्षीसपत्र झालं असतं तर हे त्यांना माझ्याकडे मागावं लागलं असतं.

मेंटेनन्सची पावती अजून त्यांच्याच नावाने येते. लिफ्टने खाली जाऊन ते स्वतः भरतात.