शिक्षक न टिकणारी शाळा: एका पालकाचा अभिप्राय

पुण्यातील एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत माझी मुलगी चार वर्षे शिकली. इमारत, प्रयोगशाळा आणि बससेवा यांबद्दल तक्रार नाही. परंतु पाचवीच्या एकाच वर्षात तिला गणिताचे तीन शिक्षक मिळाले आणि प्रत्येकाने अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यामुळे वर्ग दशांशांपर्यंत नीट पोहोचलाच नाही.

नोकरी सोडून गेलेल्या एका बाईंशी बोलल्यावर कारण कळले. पगार कमी होताच, पण त्याहून अधिक बोचत होते ते गैरहजर शिक्षकांऐवजी रोज घ्यावे लागणारे बदली तास, नव्या प्रवेशांसाठी सुटीच्या दिवशीही पालकांना करावे लागणारे फोन आणि शिकवण्याबाबत त्यांचे मत कोणीही न विचारणे. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याच्या 45 तासांत पाठाची तयारीही धरली आहे. येथे ती घरी, रात्री होत असे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977 च्या महाराष्ट्र अधिनियमात दोन वर्षांच्या परिवीक्षेनंतर (म्हणजे काम पारखण्याच्या काळानंतर) कायम होण्याची तरतूद आहे, पण या बाईंच्या हाती दर जूनमध्ये अकरा महिन्यांचे नवे नेमणूकपत्र पडे. अशा स्थितीत चांगला शिक्षक शाळेत जीव कसा गुंतवील? मला त्यांचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटले.

शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी जलतरण तलाव जरूर पाहावा, पण पाच वर्षांहून अधिक काळ टिकलेले शिक्षक किती आहेत, हे मुख्याध्यापकांना आधी विचारावे. आम्ही तसे विचारूनच या वर्षी दुसरी शाळा निवडली.